‘बंगाल’ : एका राखणदार नौकेची हकीगत



आरमाराचा विषय निघाला की आपल्या मनात पहिल्याने उभी राहतात ती कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही नावे. कान्होजी आंग्र्यांवर व्याख्यान ठेवावे आणि मंडप ओस पडावा, असे महाराष्ट्रात सहसा घडत नाही. ते योग्यच आहे. पण १७५६ साली विजयदुर्ग पडला आणि आपली समुद्रावरची कथा जणू तेथेच संपली; ती पुन्हा उघडते ती एकदम १९६१ साली, ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेपाशी. मधल्या दोनशे वर्षांत आपले लोक समुद्रावर नव्हते काय? होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाड्यांच्या काठची तरुण मुले पिढ्यान् पिढ्या मुंबईस येऊन सरकारी जहाजांवर चढत होती. इंग्रजांच्या आरमारी नोकरीत खलाशी म्हणून प्रामुख्याने भरती होई ती याच जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांची. घरची शेती विटीदांडूच्या अंगणाएवढी, त्यामुळे समुद्र हाच त्यांचा वतनदार. झेंडा परक्याचा, हुकूम परभाषेत; पण दोर ओढणारे आणि भट्टीत कोळसा लोटणारे हात या मातीतले.

आज मी त्या विसरलेल्या काळातल्या एका लहानशा नौकेची हकीगत सांगणार आहे. तिचे नाव ‘बंगाल’. तिच्या आयुष्यातला एकच प्रहर इतिहासाच्या ग्रंथांत गेला, आणि त्या प्रहराभोवती इतकी धूळ आणि इतका गुलाल उधळला गेला आहे की खरे काय घडले ते शोधावे लागते. शोधून जे हाती लागते ते उधळलेल्या गुलालापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते.

प्रथम आरमाराची स्थिती पाहू. १९३४ साली ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव मिळाले तेव्हा नाव मोठे आणि संसार लहान असाच प्रकार होता. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वेळी या आरमारात लहानमोठी आठ जहाजे आणि अधिकारी-खलाशी मिळून सतराशेच्या आसपास माणसे होती. सहा हजार किलोमीटरांहून लांब किनाऱ्याच्या देशाचे हे नाविक बळ! हिंदुस्थानच्या समुद्राची काळजी इंग्लंडचा मोठा ताफा वाहील, आपण बंदराच्या तोंडाशी पहारा करावा, एवढीच अपेक्षा होती. युद्धाने ती अपेक्षा पार उलटी केली. ‘पठाण’ नावाची पहाऱ्याची नौका १९४० च्या जूनमध्ये मुंबईच्या बाहेरच पाणबुडीच्या हल्ल्याने बुडाली. इंग्लंडचा ताफा अटलांटिक आणि भूमध्य समुद्रात गुंतलेला. हिंदी आरमाराला नव्या नौका हव्या होत्या आणि त्या लवकर हव्या होत्या. युद्ध संपेपर्यंत सतराशेचा आकडा तीस हजारांच्या घरात गेला, यावरून त्या वाढीचा वेग ध्यानात यावा.

नौका बांधायच्या कोठे? इंग्लंडच्या गोद्या भरलेल्या. तेव्हा काम ऑस्ट्रेलियाकडे गेले. ऑस्ट्रेलियाने युद्धकाळात ‘बॅथर्स्ट’ या एकाच नमुन्याच्या साठ नौका बांधल्या. त्यांतल्या चार हिंदी आरमारासाठी होत्या. त्यांची नावे ‘बॉम्बे’, ‘मद्रास’, ‘पंजाब’ आणि ‘बंगाल’. कागदोपत्री या नौका सुरुंग काढणाऱ्या, म्हणजे शत्रूने पाण्यात पेरून ठेवलेले स्फोटक गोळे शोधून समुद्राची वाट मोकळी करणाऱ्या. प्रत्यक्षात त्यांना सगळी कामे करावी लागत. सुमारे १८६ फूट लांबी, ३१ फूट रुंदी, वजन साडेसहाशे टनांच्या आसपास, वाफेचे जुन्या पद्धतीचे एंजिन आणि तासाला पंधरा सागरी मैलांचा वेग. आपल्या कोकणच्या आगबोटी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना या मापाची कल्पना येईल. अशी ही नौका सिडनीच्या कॉकाटू गोदीत तयार झाली आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये आरमारात दाखल झाली.

१९४२ चा ऑगस्ट! हा महिना उच्चारताच आपल्या कानात दुसरेच काही वाजू लागते. ८ ऑगस्टला मुंबईस गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी गजाआड गेले, आणि पुढचे तीन महिने देश पेटलेला होता. ९ सप्टेंबरला वडूजला मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. दिवाळीच्या रात्री जयप्रकाश नारायण हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले. त्या दिवाळीनंतर दोनतीन दिवसांतच, आपल्या किनाऱ्यापासून दूर दक्षिणेकडे, ‘बंगाल’च्या डेकवरचे हिंदी खलाशी इंग्रजी झेंड्याखाली तोफ डागत होते. या दोन चित्रांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे सोडीत नाही. त्याकडे पुढे येतो. आधी लढाई.

पण लढाईच्याही आधी राखणदार नौकेचे काम म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. नाही तर ‘बंगाल’ने केले त्याचे मर्म कळणार नाही. व्यापारी जहाजे युद्धकाळात एकेकटी जाऊ लागली तर पाणबुडी त्यांना टिपते. म्हणून त्यांचे काफिले करायचे आणि सोबत राखण द्यायची. पूर्वी बंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर भालाईत चालत, तसे. काफिला चालतो तो सर्वांत मंद जहाजाच्या चालीने. राखणदाराने पुढे जायचे, मागे यायचे, वाकडेतिकडे वळत राहायचे, पाण्याखालचा आवाज ऐकत बसायचे. दिवसामागून दिवस काहीही घडत नाही. खारा वारा, शिळी भाजी, चार तास पहारा, चार तास झोप. या नोकरीत यश म्हणजे काहीच न घडणे. आणि काही न घडल्याची बातमी कोणते वर्तमानपत्र छापील? शेकडो राखणदार नौकांचा युद्धेतिहास असा कोराच राहिला. राखणदाराला शत्रूचा पाठलाग करून कीर्ती मिळवण्याची मुभा नाही. ज्याची राखण करायची त्याच्यात आणि संकटात उभे राहायचे, एवढाच त्याचा धर्म.

आणि त्याची शस्त्रे? पाणबुडीवर टाकायचे पाणसुरुंग, विमानांवर डागायच्या हलक्या तोफा आणि एक मुख्य तोफ. ‘बंगाल’वरची मुख्य तोफ बारा पौंडी, म्हणजे तीन इंची होती. काही पुस्तकांत चार इंची तोफ छापलेली आढळते. या नमुन्याच्या नौकांवर चार इंची तोफ असावी अशी योजना होती खरी, पण युद्धाच्या धांदलीत तोफांचाच तुटवडा होता, आणि जे मिळेल ते बसवून नौका पाण्यात लोटल्या जात होत्या. तिच्या गोळ्यांचा साठाही बेताचा होता.

आता समुद्राकडे वळू. १९४२ चे साल हिंदी महासागराला फार वाईट गेले. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून आणि जावा गेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानी विमानवाहू नौकांनी कोलंबोवर घाव घातला, विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले, पाठोपाठ त्रिंकोमालीवर हल्ला केला. त्याच आठवड्यात अक्याबला हिंदी आरमाराची ‘इंडस’ बुडाली. जावा-सुमात्राचे तेल जपानच्या हाती गेल्यामुळे ऑस्ट्रेलियाला तेल आणायचे ते इराणच्या आखातातून, आणि तेही सरळ वाट सोडून दक्षिणेच्या उघड्या समुद्रातून. या वाटेवर जपानने दोन लुटारू जहाजे सोडली होती : ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’. दोन्ही मुळात उतारूंची झोकदार जहाजे, प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी. सरकारने ती ताब्यात घेतली, प्रत्येकीवर साडेपाच इंची आठ तोफा बसवल्या, पाणतीर सोडण्याच्या नळ्या बसवल्या, टेहळणीची विमाने ठेवली. दुरून पाहणाऱ्याला साधे व्यापारी जहाज वाटावे, जवळ आल्यावर दात दिसावेत. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात या जोडीने ‘गेनोता’ हे डच तेलवाहू जहाज पकडले, ‘एलिशिया’ बुडवले, ‘हौराकी’ पकडून नेले. वेग तासाला एकवीस मैल. ज्याला ती गाठायची ठरवतील त्याला पळून सुटका नाही.

५ नोव्हेंबर १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल बंदरातून ‘ओंदिना’ नावाची डच तेलवाहू नौका डिएगो गार्सिया बेटाकडे निघाली. वजन सहा हजार टनांवर. तिच्या टाक्या रिकाम्या होत्या. आखातात जाऊन ती तेल भरून आणणार होती. अधिकारी डच, खलाशी बहुतेक चिनी, आणि मागच्या बाजूला एक चार इंची तोफ व ती चालवायला मिश्र गोलंदाज तुकडी. गोळे अवघे ३२. सोबत राखणीला ‘बंगाल’. तिचा कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन हा राखीव दलातला अधिकारी. दोन नौका, म्हणजे काफिला म्हणायलाही संकोच वाटावा.

सहा दिवस काही घडले नाही. ११ नोव्हेंबरला, दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला साधारण पाचशे मैलांवर, क्षितिजावर एक जहाज दिसले. थोड्याच वेळात त्याच्यामागे दुसरे. हवा स्वच्छ, समुद्र शांत. लपायला पावसाची एक सरदेखील नाही.

विल्सनपुढे काय मार्ग होते? त्याच्या तोफेचा गोळा वजनाला पाचसहा किलो. समोरच्या जहाजांचा अडतीस किलोंच्या घरातला. त्याची एक तोफ, त्यांच्या दोघांच्या मिळून सोळा. त्याचा वेग पंधरा, त्यांचा एकवीस. समोरचे एकेक जहाज त्याच्या पंधरापट मोठे. हिशेब कोणाही शाळकरी मुलाला करता यावा. विल्सनने ‘ओंदिना’ला खूण केली : तू निघून जा. आणि आपल्या नौकेचे नाळ शत्रूकडे वळवून पूर्ण वेगाने तो पुढल्या जहाजावर निघाला.

हे पाऊल वीरश्रीच्या भरात टाकलेले नव्हते, असे माझे मत आहे. त्यात विचार होता. लहान नौका दूर राहिली तर मोठ्या तोफा तिला निवांत टिपतील आणि तिचे गोळे मात्र पोचणारही नाहीत. जवळ गेली, तर निदान तिची तोफ तोफ ठरेल. शिवाय शत्रूला आधी तिच्याकडे लक्ष द्यावे लागेल, आणि तितका वेळ ‘ओंदिना’ला मिळेल. राखणदाराच्या धर्मात दुसरे काही बसत नव्हते. पण विचारपूर्वक मरणाकडे जाणे हे वेडाच्या भरात जाण्यापेक्षा सोपे असते, असे कोणी समजू नये.

‘होकोकू मारू’ने सुमारे दोन मैलांवरून ‘बंगाल’वर तोफा सुरू केल्या. ‘बंगाल’ने उत्तर दिले. ‘ओंदिना’ निमूट निघून गेली नाही. तिचा कप्तान विलेम होर्समन याने वळता वळताच आपली मागची तोफ चालू केली. आपला वेग पाहता पळून सुटणार नाही, हे त्याला दिसत होते. काही मिनिटे असा सामना चालला : एका बाजूस खेळण्यातल्यासारख्या दोन तोफा, दुसऱ्या बाजूस सोळा. आणि मग अघटित घडले. एक गोळा ‘होकोकू मारू’च्या उजव्या अंगाला, पाणतीरांच्या नळ्यांजवळ लागला. तेथे स्फोट झाला, आग लागली, आग पसरली. जहाज मंदावले, एका बाजूस कलले. आणि थोड्या वेळाने दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागून एवढा प्रचंड स्फोट झाला की दहा हजार टनांचे ते जहाज दुभंगून गेले. कप्तान इमाझातो आणि सत्तरांवर माणसे त्यात गेली.

तो गोळा कोणाचा?

येथे वाद आहे, आणि तो मी आपल्यापासून लपवणार नाही. हिंदी आरमाराच्या परंपरेत, आणि आपल्या बहुतेक पुस्तकांत, तो ‘बंगाल’चा गोळा म्हणून सांगितला जातो. डच लोक तो ‘ओंदिना’चा म्हणतात. दोन्ही नौकांवरच्या माणसांनी आपापला गोळा लागताना पाहिला, आणि दोघेही खरेच बोलत असण्याचा संभव आहे. कारण एकाहून अधिक गोळे लागले असावेत. गोळा पाणतीरांच्या नळ्यांवर बसला, या जपानी बाजूच्या माहितीने प्रश्न पुरता सुटत नाही. गोळ्याचा आकार, तोफेची ताकद, नौकांच्या जागा या गोष्टी तोलल्या, तर घातक गोळा ‘ओंदिना’च्या चार इंची तोफेचा असण्याची शक्यता मला अधिक दिसते. हे ऐकून कोणाला वाईट वाटेल. आपल्या बाजूचे यश थोडे कमी झाले तर देशाभिमानाला धक्का बसतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. बखरकारांनी आकडे फुगवले म्हणून आपण त्यांना हसतो आणि स्वतःच्या काळाबद्दल बोलताना तेच करतो. मला विचाराल तर ‘बंगाल’ची थोरवी त्या गोळ्यावर अवलंबूनच नाही. ‘ओंदिना’चे गोलंदाज नेम धरू शकले, याचे एक कारण असे की शत्रूच्या पहिल्या जहाजाच्या तोफा त्या वेळी ‘बंगाल’वर वळलेल्या होत्या. ज्याने अंगावर वार घेतला त्याचे नाव वार करणाऱ्याच्या शेजारी लिहिले, तर त्यात कमीपणा कसला?

पुढचा भाग अधिक कठीण आहे. उत्सवी लेखांत तो घाईघाईने उरकला जातो, म्हणून त्यावर मी थोडा थांबणार आहे.

‘आइकोकू मारू’ अद्याप शाबूत होते. ‘बंगाल’ला गोळे लागले होते, मागच्या भागात आग होती, आणि मुख्य तोफेचे गोळे जवळजवळ संपले होते. विल्सनने धुराचा पडदा सोडला आणि नौका लढाईतून काढून घेतली. जपानी कप्तानाने तिचा नाद सोडून सगळा मोर्चा ‘ओंदिना’कडे वळवला. ‘ओंदिना’वर गोळ्यांमागून गोळे पडू लागले. तिचे बत्तीस गोळे संपले. होर्समनने जहाज सोडण्याचा हुकूम दिला, आणि त्याच सुमारास सुकाणूच्या मजल्यावर पडलेल्या गोळ्याने त्याचा बळी घेतला. माणसे होड्यांत उतरली. ‘आइकोकू मारू’ने जवळ येऊन रिकाम्या नौकेवर पाणतीर सोडले, दोन लागले, तिच्या कुशीला भगदाडे पडली. नंतर त्या जहाजाने होड्यांवरही मशीनगन चालवली. हातांत वल्ह्याशिवाय काही नसलेली माणसे त्यात मारली गेली. मग आपल्या बुडालेल्या जोडीदाराची पाण्यातली माणसे त्याने उचलली, ‘ओंदिना’वर आणखी एक पाणतीर सोडला, तो चुकला, आणि ती आता बुडणारच असे धरून जहाज निघून गेले.

‘बंगाल’वरून दिसले ते एवढेच : ‘ओंदिना’ आगीत आणि धुरात, शत्रूचे जहाज तिच्यावर चालून गेलेले. ‘बंगाल’ डिएगो गार्सियाला पोचली आणि ‘ओंदिना’ बुडाल्याची वर्दी दिली गेली.

आणि ‘ओंदिना’ बुडाली नव्हती! टाक्या रिकाम्या होत्या, हेच तिचे दैव. भरलेली असती तर एका पाणतीराने तिची चिता झाली असती. रिकाम्या टाक्यांनी हवेच्या फुग्यांसारखे तिला तोलून धरले. पहिला अधिकारी रेहविंकेल याने होड्यांतल्या माणसांना समजावून पुन्हा जहाजावर चढवले. कललेली बाजू सरळ करण्यासाठी उलट बाजूच्या टाक्यांत पाणी भरले, आगी विझवल्या, एंजिन चालू केले, आणि ही भोके पडलेली नौका एक आठवड्याने परत फ्रीमँटलला नेली. वाटेत जखमींसाठी डॉक्टर मागणारा बिनतारी संदेश धाडला, तर त्याकडे संशयाने पाहिले गेले. बुडालेल्या नौकेकडून संदेश येतो कसा, हा शत्रूचाच डाव असणार! चकमकीतल्या गैरसमजाचा असा फटका समुद्रावर एकाकी पडलेल्या माणसांना बसला.

तर मग ‘बंगाल’ने ‘ओंदिना’ला सोडले, हे चूक की बरोबर? आरामखुर्चीवर बसून न्याय देणे सोपे आहे. विल्सनच्या जागी उभे राहून पाहा. मुख्य तोफेपाशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके गोळे. समोर पंधरापट मोठे, जखमही न झालेले जहाज. पुढे जाऊन तो ‘ओंदिना’ला वाचवू शकत नव्हता, स्वतःची ऐंशीएक माणसे मात्र गमावली असती. सरकारला त्याचा दोष वाटला नाही. त्याला ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हे पदक मिळाले. माझाही निर्णय त्याच्याच बाजूचा आहे. पण ‘ओंदिना’च्या होड्यांत बसलेल्या, डोक्यावरून गोळ्या जाताना तळाशी आडवे पडलेल्या माणसाला हा निर्णय पटला असता काय? मला शंका आहे. युद्धात दोन माणसे दोन जागांवरून एकच गोष्ट पाहतात आणि दोघांचेही खरे असते. इतिहासकाराने त्यांतल्या एकाचे तोंड बंद करून कथा गोड करू नये.

आता तो मघाचा प्रश्न. वडूजचा मोर्चा आणि ‘बंगाल’चे डेक.

आपल्यातले काही म्हणतील, हे भाडोत्री होते. पोटासाठी गोऱ्यांची चाकरी करीत होते, त्यांच्या शौर्याशी आपला संबंध काय? दुसरे काही म्हणतील, हे आपल्या आजच्या आरमाराचे पूर्वज, त्यांना सरळ मानवंदना द्या, जास्त चिकित्सा नको. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पोटासाठी नोकरी धरणे हा गुन्हा असेल, तर मामलेदार कचेरीत, रेल्वेत, शाळाखात्यात त्या काळी चाकरी करणारे आपले सगळे आजे-पणजे आरोपी ठरतील. उलट बाजूने, ती लढाई हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची लढाई होती असे म्हणणे शुद्ध थाप ठरेल. खलाशांना कोणी विचारले नव्हते. देशालाही कोणी विचारले नव्हते. युद्ध जाहीर झाले ते व्हाइसरॉयच्या सहीने. पण तोफेपाशी उभ्या राहिलेल्या माणसाने त्या दुपारी साम्राज्य डोळ्यांपुढे ठेवले होते, असे मानायला मी तयार नाही. शेजारच्याच्या हातातला गोळा घ्यायचा, नळीत सारायचा, दार लावायचे, बाजूला व्हायचे, पुन्हा. जहाज आपले, शेजारी आपला, आणि मागे एक निःशस्त्रप्राय नौका आहे जिची राखण आपल्यावर सोपवली आहे. इतके त्याला पुरेसे होते. अशा माणसाचे धैर्य कोणत्याही सरकारच्या मालकीचे नसते.

याला एक पुरावा आहे, आणि तो सव्वातीनच वर्षांनंतरचा. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईस ‘तलवार’ या आरमाराच्या संदेशविद्येच्या ठाण्यात खलाशांनी काम बंद केले. कारण साधे होते : खाण्यास अयोग्य अन्न, तुटपुंजा पगार, अधिकाऱ्यांची शिवीगाळ. दोन दिवसांत ते लोण सत्तरांहून अधिक जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या ठाण्यांवर पसरले, झेंडे उतरले, आणि मुंबईच्या गिरणगावाने हरताळ पाळून खलाशांची बाजू घेतली. रस्त्यावर गोळीबार झाला, शेकडो माणसे मेली. २३ फेब्रुवारीस वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्याने खलाशांनी शरणागती पत्करली. ज्या आरमाराला राजनिष्ठ म्हणून युद्धकाळात वाखाणले गेले, तेच हे आरमार. जपानी तोफांपुढे जे उभे राहिले ते सरकारच्या तोफांपुढेही उभे राहिले. आणि त्यांना बढती, पगार, मान देताना गोऱ्या-काळ्याचा भेद करणाऱ्या सरकारला याचे आश्चर्य वाटावे, हेच आश्चर्य.

एक खंत मात्र बोलून दाखवतो. विल्सनचे नाव सर्वांना ठाऊक आहे, आणि असावे. होर्समनचे नाव हॉलंडमध्ये आदराने घेतात. पण ‘बंगाल’च्या भट्टीत त्या दुपारी कोण होते? वर काय चालले आहे ते भट्टीवाल्याला दिसत नाही. नौका हादरते, दिवे थरथरतात, लोखंडाचा पत्रा आणि पलीकडे समुद्र. गोळा तेथे शिरला तर शिडीपर्यंत पोचण्याआधीच सगळे संपते. अशा जागी उभे राहून वाफेचा दाब खाली येऊ द्यायचा नाही, हेही त्या लढाईतलेच काम. या कामाची वर्णने कोणत्याही ग्रंथात दोन ओळींपलीकडे मिळत नाहीत. आंग्र्यांच्या गुराबांवरच्या खलाशांचेही असेच झाले आहे, सरखेल तेवढे उरले. निदान अलीकडच्या काळाबद्दल तरी, ज्यांच्या घरी आजोबांची आरमारी पुस्तिका, एखादे पदक, बंदरावर काढलेला फोटो असेल, त्यांनी तो ट्रंकेच्या तळाशी कुजू देऊ नये, जिल्ह्याच्या ग्रंथालयाला दाखवावा. दापोली, गुहागर, राजापूरकडच्या घरांतून अशा ट्रंका अजून असतील.

राहिलेली हकीगत थोडक्यात. ‘बंगाल’वर त्या चकमकीत जीवितहानी झाली नाही, एवढ्या भडिमारात हे नवलच. ती पुढे मुंबईस आली, दुरुस्त झाली, आणि युद्ध संपेपर्यंत हिंदी महासागरात काफिल्यांची राखण करीत राहिली. या काळात तिच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही, म्हणजे तिने आपले काम नीट केले. ‘आइकोकू मारू’चे लुटारूपण त्या दिवशीच संपले; पुढे ते माल आणि सैन्य वाहू लागले आणि १९४४ च्या १७ फेब्रुवारीस ट्रुक बेटापाशी अमेरिकन विमानांनी ते बुडवले, त्यावरच्या शेकडो सैनिकांसह.

१९४७ साली देशाची वाटणी झाली, तशी आरमाराचीही झाली. भांडीकुंडी वाटावीत तशा नौका वाटल्या गेल्या. ‘सतलज’ आणि ‘जमुना’ हिंदुस्थानकडे आल्या, तर आपली ‘गोदावरी’ आणि ‘नर्बदा’ पाकिस्तानला गेल्या आणि तेथे त्यांची नावे ‘सिंध’ आणि ‘झेलम’ अशी झाली. ‘कोंकण’ नावाची सुरुंगनौका सुदैवाने आपल्याकडे राहिली. खलाशीही वाटले गेले. एकाच तोफेवर काम केलेली माणसे दोन देशांची झाली. ‘बंगाल’ हिंदुस्थानच्या वाट्याला आली, आणि प्रजासत्ताकानंतर ‘आय. एन. एस. बंगाल’ म्हणून चालत राहिली. ‘ओंदिना’ १९५९ साली मोडीत निघाली, आणि १९६० च्या सुमारास ‘बंगाल’ही भंगारात गेली.